मुठीची पावलं

सकाळी दार उघडलं तर आधी वास आला. ब्लीचचा. मग लक्षात आलं की पावलं नाहीत. आदल्या संध्याकाळी मी आणि लेकीने मिळून जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून आमच्या दारापर्यंत गौरीची पावलं काढली होती. तांदळाच्या पिठीत कुंकू कालवायचं, मूठ आवळून तिची करंगळीकडची कड त्यात बुडवायची आणि जमिनीवर टेकवायची, की तळवा उमटतो. मग बोटाच्या टोकाने वर पाच ठिपके. डाव्या मुठीचं डावं पाऊल, उजव्या मुठीचं उजवं. अकरा पावलं झाली होती. पिठी कमी पडली आणि दुकानातलं कुंकू भलतंच भडक निघालं, त्यामुळे रंग चांगलाच लालभडक आला होता. पण लेक खूश होती, मनगटापर्यंत माखलेले हात नाचवत होती. आता त्या जागी सिमेंटचा एक लांबट, ओला, फिकट पट्टा होता, बाकीच्या गॅलरीपेक्षा जरा जास्तच स्वच्छ. दाराला चिठ्ठी चिकटवलेली. सामायिक जागेत लाल द्रव आढळला, सफाई केली आहे, पुन्हा आढळल्यास खर्च आकारण्यात येईल.

इमारतीची व्यवस्था बघणारी बाई खालीच बसायची. भली बाई. मी लेकीचं बोट धरून खाली गेले, तर तिने रागवायच्या ऐवजी काळजीने विचारलं, कोणाला लागलं तर नाही ना? तिला ते रक्त वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. मी भांडले असते, संस्कृती वगैरे मोठे शब्द काढले असते. पण त्या काळजीपुढे माझं काही चालेना आणि तोंडातून निघून गेलं, "छे छे, मुलीच्या हातून रंग सांडला. सॉरी." ती हसली, मी हसले. जिना चढताना लेकीने हात सोडवून घेतला.

"मी नाही सांडला," ती म्हणाली.

अमेरिकेतल्या आयोवा सिटीतली ती आमची दुसरी गौर. पहिल्या वर्षी मी काही केलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पुण्यात होते तेव्हाही कधी केलं नव्हतं. गौरी म्हणजे चिपळूणला आईकडे दोन दिवस जाऊन यायचं, पुरणपोळी खायची, आणि "यंदा सुट्टी कमी आहे" म्हणून तिसऱ्या दिवशीची परतीची बस पकडायची. परदेशात गेल्यावर माणसं अचानक धार्मिक होतात याची मी मनसोक्त टिंगल केलेली आहे. आणि तीच मी, सप्टेंबरच्या दमट उन्हात, रातकिड्यांच्या कर्कश कल्लोळात, भाड्याच्या घराच्या गॅलरीत गुडघ्यांवर बसून पिठी कालवत होते. देव आठवला म्हणून नाही. हातांना काहीतरी आठवलं होतं. सहा-सात वर्षांची असताना कोणीतरी माझी मूठ आपल्या हातात धरून शेणाच्या ओल्या जमिनीवर टेकवली होती, तो दाब मुठीत शिल्लक होता.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात उबेसाठी बसलेली असताना एक जाडजूड पुस्तक चाळत होते आणि एका पानावर थबकले. एक दार. दाराखालून फूटपाथवर आलेलं लाल काहीतरी. आणि पुढच्या चौकटींत त्याच्यावरून नजर टाकून निघून जाणारी माणसं. खाली लिहिलेलं होतं: आयोवा सिटी, १९७३. आना मेंदिएता.

क्यूबाहून आलेली ही कलाकार तेव्हा इथे विद्यार्थिनी होती, चोवीस-पंचवीस वर्षांची. त्या वसंतात विद्यापीठातल्याच एका मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला होता, आणि सगळं गाव त्या विषयावर कुजबुजत होतं आणि गप्पही होतं. आनाने एका इमारतीच्या दारात जनावराचं रक्त ओतलं आणि बहिणीबरोबर गाडीत बसून लपून चित्रण करत राहिली, की कोण थांबतं. एक बाई छत्रीच्या टोकाने ते ढोसून बघते आणि पुढे जाते. बाकीचे बहुतेक तेवढंही करत नाहीत. शेवटी एक माणूस येऊन सगळं साफ करतो. मी ती छायाचित्रं परतपरत बघितली. तिच्या खऱ्याखुऱ्या रक्तापाशी कोणी थांबलं नव्हतं. माझ्या कुंकवाची मात्र रात्रीतून विल्हेवाट लागली होती. यातलं जास्त वाईट काय ते मला आजही ठरवता येत नाही. पण त्या दिवशी मला जे वाटलं ते दुःख नव्हतं, राग नव्हता. ओळखीचं कोणीतरी अनोळखी स्टेशनवर भेटावं तसं वाटलं. साफसफाई करणारा माणूस तर अगदी घरचाच वाटला.

तिच्याबद्दल वाचायला लागले की माणसं आधी शेवट सांगतात. मीही सांगून टाकते, म्हणजे तो बाजूला होईल. ८ सप्टेंबर १९८५ला न्यूयॉर्कमध्ये चौतिसाव्या मजल्यावरच्या घराच्या खिडकीतून पडून ती गेली. छत्तीस वर्षांची होती. नवऱ्यावर खुनाचा खटला चालला, १९८८ साली तो निर्दोष सुटला. त्यावर अजून वाद होतात, संग्रहालयांसमोर निदर्शनं झालेली आहेत. पण जिने आयुष्यभर स्वतःच्या अंगाची आकृती जमिनीवर आपल्या मर्जीने उमटवली, तिची ओळख एका पडण्यापासून सुरू करणं मला बरं वाटत नाही.

तिचं आयुष्य, माझ्या कामापुरतं, सुरू होतं १९६१च्या सप्टेंबरात. हवानातल्या खात्यापित्या, राजकारणात वजन असलेल्या घरातली बारा वर्षांची मुलगी आणि तिची मोठी बहीण, दोघींना आईवडिलांनी विमानात बसवून दिलं. क्रांतीनंतरच्या क्यूबातून अशी चौदा हजारांहून अधिक मुलं एकेकटी अमेरिकेत पाठवली गेली, चर्चच्या मदतीने. थोड्याच दिवसांत आपण पाठोपाठ जाऊ असं आईवडिलांना वाटत होतं. आई आणि धाकटा भाऊ पोचले १९६६ साली. वडील तुरुंगात होते. ते आले १९७९ला. तोवर या दोघी आयोवातल्या डब्यूकच्या अनाथाश्रमात, मग या पालकघरातून त्या पालकघरात. मका, बर्फ, पुन्हा मका. मी तिथे चार हिवाळे काढले, नवऱ्यासह, मुलीसह, आणि फ्रीजमध्ये आईने दिलेला मेतकुटाचा डबा ठेवून, तरी फेब्रुवारीत भिंती अंगावर यायच्या. बारा वर्षांच्या पोरीचं काय झालं असेल. शाळेतली मुलं रंगावरून बोलायची. क्यूबात ती गोऱ्यांत मोडायची. आयोवात उतरल्यावर गोरी उरली नाही. अंग तेच होतं, पण बघणाऱ्यांनी त्याचा अर्थ बदलून टाकला. मग तिने चित्रं रंगवायचं सोडलं आणि तेच अंग हातात घेतलं, यात मला नवल वाटत नाही.

सुरुवातीच्या तिच्या कामांत एक गंमत आहे. १९७२ साली तिने एका मित्राला दाढी कापायला लावली आणि ते केस एकेक करून स्वतःच्या ओठांवर, हनुवटीवर चिकटवले. त्याच वर्षी काचेच्या तावदानावर नाक, गाल, छाती, पोट दाबून दाबून फोटो काढून घेतले. फोटोतलं ते चेपलेलं नाक बघून मला हसू आलं, आणि मग हसू थांबलं. बसच्या काचेला नाक लावून बाहेर बघणारं मूल बाहेरच्यांना असंच दिसत असणार.

आणि मग सिलुएता. म्हणजे छायाकृती, अंगाची बाह्यरेषा. १९७३मध्ये मेक्सिकोत ओआहाकाजवळच्या यागुल नावाच्या जुन्या अवशेषांत ती एका उघड्या थडग्यात विवस्त्र आडवी झाली आणि अंगावर पांढरी फुलं पसरवून घेतली, इतकी की जणू ती तिच्या अंगातूनच उगवलीत. तिथून पुढे सात-आठ वर्षं हेच. आयोवातल्या ओढ्याकाठी चिखलात, गवतात, बर्फात, मेक्सिकोच्या वाळूत. आधी स्वतः झोपून, नंतर झोपून उठल्यावर राहिलेल्या खळग्यात, त्याही नंतर आपल्याच मापाच्या कापलेल्या साच्याने. उंची सुमारे पाच फूट. माझीही तेवढीच आहे, त्यामुळे प्रत्येक खळगा बघताना मी नकळत आत मावून बघते. कधी हात वर उचललेले, कधी अंगालगत. आत बंदुकीची दारू भरून पेटवलेली एक, सत्तेचाळीस काळ्या मेणबत्त्यांची एक, समुद्रकाठी लाल रंग भरलेली एक. शेवटचीचे फोटो ओळीने आहेत: लाट येते, कड ढासळते, लाल पाणी होतं, मग नुसती वाळू.

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण तुच्छतेने म्हणतो.

पण कोकणात गौरच तेरड्याची असते. मुळांसकट उपटून आणलेली तेरड्याची रोपं, त्यांना साडी नेसवायची, मुखवटा बांधायचा. तीन दिवसांनी तिला पाण्यात सोडायचं, आणि तोवर ती खरोखरच मान टाकते. आमच्या घरची मात्र खड्यांची. वाशिष्ठीला मिळणाऱ्या एका पऱ्यावरून पाच खडे आणायचे, आणताना बोलायचं नाही, मागे वळायचं नाही. वाटीएवढी गौर. लहानपणी मला याचा फार राग यायचा, इतरांच्या गौरी उंच, साडी नेसलेल्या, पदर सावरलेल्या, आणि आमच्या तबकात पाच गोटे. अंग नसलेली बाई. आता वाटतं, अंग नव्हतं म्हणूनच पावलं इतकी महत्त्वाची होती. ती आली याचा पुरावा तेवढाच. "कोण आली?" "गौरी आली." "कशाच्या पावलांनी आली?" "सोन्यारुप्याच्या पावलांनी आली." आतून आजी विचारायची, बाहेरून आई उत्तर द्यायची, शाळामास्तरणीच्या आवाजात, जरा ओशाळून.

ही पावलं अंगणात काढायची ती बाय. आमच्याकडे कामाला येणारी. तिचं नाव मला बरंच मोठं होईपर्यंत माहीत नव्हतं आणि त्याची गरजही कोणाला वाटली नव्हती. वयाने आईपेक्षा मोठी, तरी आम्ही मुलं तिला खुशाल "ए बाय" म्हणायचो. आईला मात्र ती "अहो वैनी". अंगण सारवायची ती, रांगोळीच्या कण्या टाकायची ती, आणि गौरीच्या दिवशी मुठीने पावलं काढायची ती. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण होतं, हिरवट निळं, तुळशीवृंदावन, विंचू, ठिपक्यांच्या ओळी. मूठ टेकवताना शिरा ताणल्या की विंचू हलायचा. मी विचारलं होतं, हे पुसत कसं नाही? म्हणाली होती, "मेल्यावर हीच तेवडी संगती येतात गो, बाकी डाग-डागिनं हितंच." माझी मूठ धरणारा हात तो. "टाच दाब, बोटां नुसती टेकव."

तिची पावलं उंबऱ्यापर्यंत यायची. आतली आजी काढायची.

तेव्हा यात खटकण्यासारखं काही आहे हे मला कळलं नाही, असं लिहिते आहे, आणि लिहिताना वाटतंय की कळलं असणार. मुलांना सगळं कळतं. बाहेरची पावलं ठसठशीत असायची, टाच खोल. आतली नाजूक, रांगोळीसारखी. मला बाहेरची आवडायची. पण एकाच गौरीची पावलं उंबऱ्यावर अशी बदलतात कशी, हे मी कोणालाही विचारलं नाही. एवढं आठवतं. न विचारल्याचं आठवतं.

ग्रंथालयात आनाबद्दल वाचताना याच जागी अडखळले. तिच्या कामात सांतेरिया आहे, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी क्यूबात जपलेला, कॅथलिक संतांच्या आडून चालवलेला धर्म. रक्त, पिसं, मेणबत्त्या, पाणी. (गोव्याची आपली सांतेरी, वारुळातली, आणि हा शब्द यांचा काडीचा संबंध नाही हे मला ठाऊक आहे, तरी कान फसतो, आणि मातीच्या तिच्या उंचवट्यांचे फोटो बघताना डोळेही.) पण हा धर्म तिच्या घरचा नव्हता. घर कॅथलिक, उच्चभ्रू. त्याच घराण्यातला कार्लोस मेंदिएता १९३४ साली क्यूबाचा अध्यक्ष झाला होता. सांतेरियाच्या गोष्टी तिने ऐकल्या त्या घरकाम करणाऱ्या बायकांकडून. बाकीचं पुढे पुस्तकांतून. त्या सत्तेचाळीस मेणबत्त्यांच्या कामाला तिने ज्या पंथाचं नाव दिलं तो तर क्यूबातला आफ्रिकी मुळांचा, फक्त पुरुषांचा गुप्त पंथ, बायकांना तिथे प्रवेशच नाही. आणि यागुलचं ते थडगं सापोतेक लोकांचं. तिचं त्यांच्याशी नातं काय? हवानात राहिली असती, तर मोलकरणीच्या देवांना तिने अंगावर घेतलं असतं का? अंतर पडलं की स्वयंपाकघरातल्या गोष्टी आपल्या वाटायला लागतात. अनाथाश्रमात झोपलेल्या मुलीला घर आठवलं, तेव्हा अध्यक्ष झालेला नातेवाईक आठवला नाही, चुलीपाशी गोष्ट सांगणारा आवाज आठवला. यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. पण तो आवाज कोणाचा, त्या बाईचं नाव काय, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही. आणि मी तक्रार कोणत्या तोंडाने करू? आयोवात मी माझ्या मुलीला "ही आपली परंपरा" असं जे शिकवत होते, ते आजीचं नव्हतं, आईचं तर नव्हतंच. आमच्या घरात जिला उंबऱ्याच्या आत पिठीची वाटी घेऊन यायची मुभा नव्हती, तिची मूठ मी तेरा हजार किलोमीटर वाहून नेली होती आणि तिला आपली म्हणत होते.

आणि पहिल्याच चिठ्ठीला तिचा रंग करून टाकला होता.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर मी हट्टाने ओल्ड मॅन्स क्रीक बघायला गेले. गावाबाहेरचा हा साधा ओढा. इथेच १९७६च्या सुमारास अंगभर चिखल थापून, त्यात गवत चिकटवून आना एका झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिली होती, हात वर करून. त्या फोटोत झाड कुठे संपतं आणि बाई कुठे सुरू होते हे शोधावं लागतं. तेरला सापडलेल्या मातीच्या लज्जागौरी मला त्यावरून आठवल्या होत्या, लज्जागौरीला पुष्कळदा डोकंच नसतं, चेहऱ्यावाचून अडत नाही. मनात बराच भक्तिभाव घेऊन मी निघाले. प्रत्यक्षात ते झाड कुठलं हे कळायला मार्ग नव्हता, काठावर शेतातून वाहून आलेला काळा, गुळगुळीत चिखल होता आणि त्यात माझा बूट अडकून पडला. एका पायावर तोल सावरत मी तो उपसत होते आणि लेक गाडीपाशी उभी राहून म्हणत होती, चल ना घरी. चिखलाला वास होता, कुजक्या मक्याचा, जरा गोडूस. आमच्या लाल मातीच्या वासाशी त्याचं काही नातं नव्हतं. मी हात वर करून वगैरे उभी राहिले नाही. इच्छा झाली होती, पण शेजारच्या शेतात ट्रॅक्टरवर एक म्हातारा होता, आणि मी मराठी मध्यमवर्गीय बाई आहे.

परत येताना एक मजेदार विचार मात्र सुचला. १९७५ ते १९७७ या काळात आपले दिलीप चित्रे याच गावात होते, इथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात. आनाही १९७७पर्यंत इथेच शिकत होती. लहानसं गाव, एकच मुख्य रस्ता. कुठल्यातरी कॉफीच्या रांगेत दोघं मागेपुढे उभी असतील. एक जण तुकाराम इंग्रजीत नेणारा, दुसरी ओआहाकाहून परतलेली, नखांत माती घेऊन. भेटले असतील असं नाही. पण मला ती रांग डोळ्यांसमोर आणायला आवडते.

आपल्याकडच्या एका बाईशी तिची गाठ मात्र नक्की पडली. १९७८मध्ये आना न्यूयॉर्कला गेली, बायकांनीच चालवलेल्या ए.आय.आर. गॅलरीत सामील झाली, आणि १९८०मध्ये तिथे अमेरिकेतल्या 'तिसऱ्या जगातल्या', म्हणजे गोऱ्या नसलेल्या, स्त्री कलाकारांचं प्रदर्शन भरवलं. ते मांडणाऱ्या तिघी होत्या: आना, जपानहून आलेली काझुको मियामोतो, आणि अलीगढची झरीना. गोऱ्या स्त्रीवादी मैत्रिणी आपल्याला गृहीत धरतात हा त्या प्रदर्शनामागचा सूर होता. झरीनाने पुढे जन्मभर घर कोरलं, कधी लाकडात, कधी धातूच्या पत्र्यावर. अलीगढच्या घराचा आराखडा, सरहद्दीची रेघ, उंबरा, दार, अंगण यांसारख्या शब्दांच्या कोरीव चौकटी, खाली नस्तालीक लिपीशैलीत उर्दू. एकीने सोबत घराचा नकाशा नेला, दुसरीने अंगाचं माप. मला झरीना जास्त जवळची वाटायला हवी खरं तर, तिच्या रेषा शिस्तीच्या, माझ्या स्वभावाला मानवणाऱ्या. पण घर सोडताना मी नकाशा नेला नव्हता. आमच्या माजघराची लांबी-रुंदी मला आज विचारलीत तर सांगता येणार नाही. मुठीचा दाब सांगता येईल.

१९८० साली आना क्यूबाला परत जाऊ शकली, अठराहून अधिक वर्षांनी. पुढच्या वर्षी हवानाजवळच्या हारुकोच्या डोंगरात तिने चुनखडीच्या गुहांमध्ये देवी कोरल्या आणि त्यांना नावं दिली तायनो लोकांच्या भाषेतली. अताबेय, वादळाची ग्वाबान्सेक्स. तायनो म्हणजे बेटाचे मूळ रहिवासी, स्पॅनिश आल्यावर काही पिढ्यांत जवळपास नामशेष झालेले. मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते असं, की इतकी वर्षं परक्या जमिनींवर तिने स्वतःची आकृती उमटवली, आणि स्वतःच्या जमिनीवर पाऊल ठेवल्यावर ती आकृती बाजूला ठेवली. तिथल्या देवी तिच्या मापाच्या नाहीत. त्या खडकाच्या मूळच्या फुगवट्या-खळग्यांना धरून काढलेल्या, गोल, बुटक्या. घरी गेल्यावर माणूस आरशात बघायचं विसरतं, तसं काहीतरी. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं ज्यांनी बघितली असतील त्यांना ते फोटो अनोळखी वाटणार नाहीत. बारसूच्या सड्यावर दोन वाघांमध्ये उभा असलेला माणूस आहे, जांभ्यात कोरलेला, नुसती बाह्यरेषा. कोणी काढला, कोणासाठी, काही कळत नाही. त्याच्या पोटात पावसाचं पाणी साठतं आणि बेडूक बसतात.

पण क्यूबात ती राहिली नाही. राहता आलं नसतंच. त्याच १९८१मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, 'की बिस्केन' नावाच्या बेटावर, तिने वाळूत एक आकृती केली, दोन बाजूंच्या दोन नागमोडी रेषा, वर-खाली उघड्या, मधून समुद्राचं पाणी ये-जा करतंय. पलीकडे क्यूबा. तीन-चार वेळा बघितली ती फिल्म. त्यात काहीच घडत नाही. पाणी आत येतं आणि जातं.

आम्ही परत आलो त्याला आता काही वर्षं झाली. गेल्या भाद्रपदात चिपळूणला गेलो. जुलै २०२१च्या पुराची रेघ माजघराच्या भिंतीवर अजून पुसट दिसते, माझ्या खांद्याच्या वर, रंगाचे दोन हात देऊनही. अंगणात आता फरशी आहे. सारवायचा प्रश्न मिटला, आई म्हणते. पावलंही ती बाजारातून आणते, चिकटवायची, चमचमणारी, दहा रुपयांना जोडी. ती लावूनच ठेवली होती देवघरापासून उंबऱ्यापर्यंत. मी काही बोलले नाही. आईला या सगळ्याचा कायमच कंटाळा होता आणि त्या कंटाळ्याबद्दल मला आदर आहे.

दुपारी बाय आली, आम्हाला भेटायला. कामाला येणं दहा-बारा वर्षांपूर्वीच सुटलेलं. ऐंशीच्या पुढे असावी. हातावरची कातडी सैल होऊन विंचू लांबट झाला आहे. मी म्हटलं, "अहो, आत या ना, बसा." ती तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. "अवो कोनाला म्हनत्येस गो?" मग मी एकदम म्हटलं, जे म्हणायचं तीन वर्षांपासून ठरवलेलं होतं: यंदा पावलं तूच काढ, आतपर्यंत, देवघरापर्यंत. म्हणताना माझ्याच कानांना ते फार मोठं वाटलं, सभेत शाल द्यावी तसं. बायने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, कौतुकानेही नाही. "नको गो बाय. गुडगं वाकत नायत आता." आणि ती उंबऱ्याखालच्या पायरीवर बसली, जिथे नेहमी बसायची. गुडघे हे कारण होतं का, हे मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. पुन्हा एकदा.

मी विचारलं ते भलतंच: तुमच्याकडे गौर कशी असते? चाळीस वर्षांत पहिल्यांदा. "तेरड्याची. तुमची गोट्यांची, आमची पाल्याची." तिखटाचा नैवेद्य असतो, मटण-वडे, हे सांगताना तिने आवाज बारीक केला आणि आत आईकडे बघितलं. आई हसली. लेक, आता अकरा वर्षांची, बायच्या हातावरचं गोंदण निरखत बसली होती. मग पिठी कालवली गेली, कोणी कोणाला न सांगता. बायने तिची मूठ आपल्या मुठीत घेतली, बुडवली, फरशीवर टेकवली. फरशी गुळगुळीत, पिठी पसरली, पाऊल फताडं आलं. "टाच दाब. नुसती टेकव बोटां." दुसरं बरं आलं. लेक एकेक पाऊल काढत मागून पुढे सरकत होती, जीभ बाहेर काढून, आणि मी खांबाला टेकून बघत होते. शेवटचं पाऊल उंबऱ्याला लागून आलं. तिने मान वर करून आत बघितलं.

"आत नको गं," आई आतून म्हणाली, "आत स्टिकर लावलेत. सांडेल."

"मी नाही सांडत, आजी," लेक म्हणाली, आणि उंबरा ओलांडून आत जाऊन उकिडवी बसली. पिठी बाहेरच राहिली होती. बायने वाटी उचलली आणि बसल्या जागेवरून, न उठता, ती उंबऱ्यापलीकडे सरकवली. हात तेवढा आत आला. कोपरापर्यंत.